‘इफेमेरा’ म्हणजे काय, आणि त्याला मराठीत काय म्हणावं?

खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: आजोबांच्या ट्रंकेत जुनी हँडबिलं, लग्नपत्रिका, बसची तिकिटं, कुस्ती मैदानाची पत्रकं, निपाणीच्या विड्यांची लेबलं असं बरंच काही सापडलं. प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी या सगळ्याला ‘इफेमेरा’ म्हणायला सांगितलं. या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, मराठीत ‘क्षणभंगुर वस्तू’ म्हटलं तर चालेल का, आणि अशा कागदांचा अभ्यासाला खरंच उपयोग होतो का?

माझी उमेदीची वर्षं बेळगावच्या छापखान्यांत गेली. आधी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं जुळवली, मग ट्रेडल, म्हणजे पायाने चालणारं छपाईयंत्र चालवलं, आणि नंतर जुने कागद लावून ठेवण्याचं, सांधण्याचं काम हाती आलं. तुमच्या प्रश्नात शब्द आणि कागद दोन्ही आले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

थोडक्यात सांगायचं तर इफेमेरा म्हणजे एखाद्या प्रसंगापुरते केलेले आणि प्रसंग सरला की टाकून द्यायचे कागद. कागद किती जुना, किती नाजूक, किती दुर्मीळ, यावर ते ठरत नाही. करणाऱ्याने तो किती दिवसांसाठी केला, यावर ठरतं. काल गणपत गल्लीत हातात पडलेलं सेलचं पत्रक इफेमेरा आहे आणि तुमच्या आजोबांनी जपलेलं नाटकाचं तिकीटही. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, पोथी हे त्यात येत नाहीत, कारण ते जपण्यासाठीच केलेले असतात. ही कसोटी हाताशी ठेवलीत की कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात जायचा ते बहुतेक वेळा आपोआप कळेल.

आता शब्दाकडे. तो ग्रीक आहे. ‘एपि’ म्हणजे वर किंवा पुरता, ‘हेमेरा’ म्हणजे दिवस. दोन्ही जोडताना ‘प’ला ‘ह’ मिळून ‘फ’ होतो आणि ‘एफेमेरोस’ तयार होतो, दिवसापुरता. पिंडार या ग्रीक कवीने माणसांनाच ‘एका दिवसाचे जीव’ म्हटलं आहे. पण शब्दाला ठसठशीत अर्थ दिला तो एका किड्याने. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे की काळ्या समुद्राकडच्या हिपॅनिस नदीत ऐन उन्हाळ्यात द्राक्षापेक्षा मोठ्या पिशव्या वाहत येतात, त्या फुटून पंखांचा किडा बाहेर पडतो, संध्याकाळपर्यंत उडतो आणि सूर्य मावळताना मरतो. म्हणून त्याला ‘एफेमेरॉन’ म्हणतात. आजच्या कीटकशास्त्रात या किड्यांच्या गणाचं नाव ‘इफेमेरॉप्टेरा’ असंच आहे. पश्चिम घाटातल्या वाहत्या, स्वच्छ ओढ्यांत ते असतात. पंख फुटल्यावर त्यांचं तोंड कामाचं राहत नाही, खाणं बंद होतं, आणि काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत जोडी जमवून, अंडी घालून ते मरतात. ॲरिस्टॉटलने मात्र पाण्यावरचं तेवढंच पाहिलं. त्याआधी हाच किडा पाण्याखाली दगडाला धरून कित्येक महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षं जगलेला असतो.

दुसरी वाट वैद्यकातून गेली. एका दिवसात उतरणाऱ्या तापाला ग्रीक वैद्य हाच शब्द लावत, आणि लॅटिनमार्गे इंग्रजीत तो शिरला तेव्हा आधी तापाचं नाव म्हणूनच शिरला. गुरंढोरं असलेल्या घराला हा अर्थ समजावून सांगायला नको. पावसाळ्याच्या दिवसांत बैल एकाएकी लंगडायला लागतो, अंगात कणकण, वैरण सोडतो, बसला की उठत नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो. आपण त्याला तिवा म्हणतो, तीन दिवसांचा ताप. डास आणि चावऱ्या चिलटांमुळे पसरणाऱ्या या विषाणूच्या तापाला पशुवैद्य ‘इफेमेरल फीव्हर’ म्हणतात. म्हणजे तुमच्या ट्रंकेतल्या पत्रकांचं आणि गोठ्यातल्या दुखण्याचं नाव एकाच मुळाचं आहे.

तिसरी वाट हिशेबाची. ग्रीक ‘एफेमेरिस’ म्हणजे रोजनिशी, रोजकीर्द. पुढे खगोलशास्त्रज्ञांनी सूर्य, चंद्र आणि ग्रह रोज कुठे असतात ते दाखवणाऱ्या कोष्टकांना हे नाव दिलं. पंचांगकर्त्यांच्या तोंडी ‘एफेमेरिस’ हा शब्द आजही असतो. तो याच घरातला, पण अर्थ वेगळा. प्रबंधात दोन्ही शब्द आले तर घोटाळा होऊ देऊ नका.

कागदाला हा शब्द चिकटला तो किड्यावरूनच. १७५१ साली सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज लेखकाने एका निबंधात रोजच्या रोज निघणाऱ्या छापील कागदांना विद्येच्या जगातले ‘इफेमेरी’ म्हटलं. यात तुच्छता आहे असा समज होतो, पण ते खरं नाही. भारदस्त आणि टिकाऊ ग्रंथांपेक्षा हे दिवसाचे कागद साध्या माणसाच्या रोजच्या जगण्याला जास्त उपयोगी पडतात, असंच त्याने त्याच वाक्यात म्हटलं होतं. नंतर दोन शतकं संग्राहकांनी हा माल गोळा केला, पण त्याला अभ्यासाचा विषय म्हणून उभं केलं ते मॉरिस रिकर्ड्‌स या इंग्रज गृहस्थाने. १९७५ साली लंडनला त्यासाठी संस्था निघाली. त्याने केलेली व्याख्या अशी की इफेमेरा म्हणजे दैनंदिन जीवनातले किरकोळ, तात्पुरते दस्तऐवज. अभ्यासक अजूनही तीच व्याख्या धरून चालतात. तुम्हीही तीच धरा.

व्याकरणाची एक बाब इथेच सांगून टाकतो. ग्रीकमध्ये ‘एफेमेरॉन’ एक आणि ‘एफेमेरा’ अनेक. इंग्रजीत तो बहुधा समूहवाचक म्हणून चालतो. मराठीत ‘ही इफेमेरा’ की ‘हा इफेमेरा’ यावर वेळ घालवू नका. ‘इफेमेरा-संग्रह’ असा समास केला की लिंगवचनाचा प्रश्न उरत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: क्षणभंगुर म्हणावं का? माझं उत्तर, नको. आणि कारण शब्दाच्या घडणीतच आहे.

‘भंगुर’ हा ‘भंज्’ म्हणजे मोडणे या धातूपासून झालेला. पाणिनीने तिसऱ्या अध्यायात ‘भञ्जभासमिदो घुरच्’ असं सूत्र दिलं आहे. या एका प्रत्ययाने तीन शब्द होतात: भंगुर, भासुर, मेदुर. त्याच्या दोन सूत्रं पुढे आणखी एक सूत्र आहे, त्यातून ‘नश्’ धातूला ‘क्वरप्’ लागून नश्वर होतो. जित्वर त्याच घडणीचा. हे सगळे प्रत्यय ज्या प्रकरणात येतात, तिथे पाणिनीची अट आहे की ती क्रिया कर्त्याचं शील असली पाहिजे, धर्म असला पाहिजे किंवा त्यात त्याचं कसब असलं पाहिजे. म्हणून भंगुर म्हणजे मोडलेलं नव्हे. मोडणं हा ज्याचा स्वभावच आहे, ते भंगुर. नश्वर म्हणजे नासलेलं नव्हे, नाश हाच ज्याचा धर्म आहे ते. (काही लोक नश्वर म्हणजे ‘न ईश्वर’ अशी फोड करून कीर्तनात सांगतात. ऐकायला गोड आहे, पण चूक आहे. ईश्वर हा ‘ईश्’ धातूला ‘वरच्’ लागून झालेला, त्याच सूत्रात स्थावर आणि भास्वर आहेत.)

‘क्षण’ही आपण समजतो तेवढा लहान नाही. अमरकोश या अमरसिंहाच्या संस्कृत शब्दकोशातलं मोजमाप असं: १८ निमेषांची एक काष्ठा, ३० काष्ठांची एक कला, ३० कलांचा एक क्षण, १२ क्षणांचा एक मुहूर्त, आणि ३० मुहूर्तांचा एक अहोरात्र. मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणजे अमरसिंहाचा क्षण भरतो बरोबर ४ मिनिटांचा. बौद्धांच्या अभिधर्मात मात्र १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव आणि ३० लवांचा मुहूर्त. हिशेब केला तर एक क्षण सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाइतका. तिथे ‘क्षणभंग’ हा तत्त्वज्ञानाचा पारिभाषिक शब्द झाला. जे जे आहे ते ते क्षणाक्षणाला मोडतं आणि नवं होतं, हा सिद्धांत. अकराव्या शतकात रत्नकीर्तीने त्याच्या सिद्धीसाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मराठीत हा शब्द संतांच्या आणि कीर्तनकारांच्या तोंडून देहासाठी, संपत्तीसाठी रुळला, आणि तिथे तो शोभतो.

तुमच्या ट्रंकेतल्या पत्रकाला तो शोभत नाही. पत्रक मोडलेलं नाही, मोडणं हा त्याचा स्वभावही नाही. नीट ठेवलं तर ते शंभर वर्षं राहतं. संपलं ते त्याचं काम. प्रबंधात ‘क्षणभंगुर कागद’ लिहिलंत तर वाचणारा ‘हा कागद ठिसूळ आहे’ असं समजेल, आणि ते चुकीचं ठरेल.

आपल्या म्हणींत जवळचा शब्द शोधायचा तर अळवावरचं पाणी आणि पाण्यावरचा बुडबुडा या दोन्हींत अस्थिरता आहे, ठरलेली मुदत नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस यात मुदत आहे, पण रंग उतरल्याचा दोषही आहे. चंचल माणसाला आपण ती म्हण लावतो. मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते ‘औटघटकेचं राज्य’. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत अर्धचतुर्थ, प्राकृतात अद्धुट्ठ, आणि झिजत झिजत मराठीत औट. घटका २४ मिनिटांची, म्हणून औटघटका म्हणजे ८४ मिनिटं. या शब्दात मोडणं नाही, नासणं नाही. आधीपासून ठरलेली मुदत आहे, आणि मुदतीपुरता पूर्ण अधिकार आहे. हँडबिलाचं तसंच असतं. नाटकाच्या रात्रीपर्यंत गावात सगळ्यांत महत्त्वाचा कागद तोच, दुसऱ्या दिवशी त्याला कोणी विचारत नाही.

पण म्हणीला शास्त्राची संज्ञा करता येत नाही. माझी सूचना ‘प्रासंगिक छपाई’ किंवा ‘प्रासंगिक कागद’ अशी आहे. पहिल्यांदा येईल तिथे ‘इफेमेरा, म्हणजे प्रासंगिक कागद’ असं लिहा आणि पुढे मराठी शब्दच चालवा. यावर एक आक्षेप येईल: ‘प्रासंगिक’चा आपल्याकडे ‘आजच्या काळाला लागू’ असाही अर्थ रुळला आहे. आक्षेप खरा आहे. तरीही मी हाच शब्द धरतो, कारण यातला प्रत्येक कागद कुठल्या ना कुठल्या प्रसंगासाठीच छापलेला असतो, आणि तो प्रसंग शोधून काढणं हेच तुमचं काम आहे. ओढे, झाडं, किडे यांच्याविषयी लिहिताना मात्र ‘अल्पजीवी’ योग्य. तिथे प्रासंगिक म्हणू नका.

छापखान्यात आम्ही यातला एकही शब्द वापरत नव्हतो. आमचा शब्द होता ‘जॉबवर्क’, नुसतं ‘जॉब’. पुस्तकाचं काम वेगळं आणि जॉब वेगळा. पुस्तकाला फर्मे, म्हणजे एकदम छापायच्या पानांचे संच बांधायचे, प्रुफं तीन-तीनदा जायची. जॉबला सकाळी मजकूर आला तर संध्याकाळी गठ्ठा तयार हवा. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हणत, “जत्रा झाली की पत्रक संपलं की!” आणि खरोखर संपत असे, कारण छपाई झाली की जुळणी सोडायची आणि खिळे ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे. दुसऱ्या जॉबला तेच खिळे लागत. पुस्तकाच्या हस्तलिखिताची, प्रुफाची प्रत कुठेतरी राहते. जॉबची छापखान्यात काहीच खूण राहत नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तकाची प्रत प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते, लग्नपत्रिकेची कोणी मागत नाही. जे वाटलं गेलं आणि कोणाच्या तरी ट्रंकेत, देव्हाऱ्याखाली, वहीच्या पानांत राहिलं, तेवढंच शिल्लक. तुमच्याकडे जी पत्रकं आहेत त्यांतल्या काहींची जगात दुसरी प्रत नसेल, हे मनात ठेवून हात लावा.

उपयोग होतो का, या प्रश्नाचं उत्तर आपल्या भागात इतर ठिकाणांपेक्षा जास्त ठामपणे ‘होतो’ असं द्यावं लागतं. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. कचेरीची भाषा, रस्त्यांवरच्या पाट्या, बसवरची अक्षरं, शाळेचे अर्ज हळूहळू बदलत गेले. सरकारी दप्तरात मराठी माणसाचं रोजचं जगणं मराठीतून सापडणं त्यानंतर कमी कमी होत गेलं. ते सापडतं लग्नपत्रिकेत, भजनी मंडळाच्या पावतीत, यळ्ळूरच्या कुस्ती मैदानाच्या पत्रकात, गावच्या महालक्ष्मी यात्रेच्या आमंत्रणात, साहित्य संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत, आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्याच्या निषेधार्थ दर १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीच्या हँडबिलात. सीमाप्रश्नाचे मोठे दस्तऐवज, म्हणजे महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे सगळे अभ्यासकांना उपलब्ध आहेत. पण माणसं या काळात कशी वागली, कोणाला बोलावत होती, कुठल्या भाषेत बोलावत होती, हे त्यात लिहिलेलं नाही.

दोन भाषांच्या पत्रिका विशेष जपा. आपल्याकडच्या छापखान्यांत मराठी आणि कानडी दोन्ही खिळ्यांच्या केसी, म्हणजे खिळे ठेवायचे खणांचे ट्रे असत, आणि एकाच लग्नाची पत्रिका एका बाजूला ‘आमचे येथे श्रीकृपेंकरून’ आणि दुसऱ्या बाजूला कानडीतून छापली जाई. वर सौंदत्तीच्या यल्लम्माचं किंवा चिंचलीच्या मायाक्काचं नाव असे, या दोघींपुढे दोन्ही भाषा बोलणारे सारखेच हात जोडतात. कुठल्या घराने दोन्ही भाषा छापल्या, कुठल्याने एकच, आणि कुठल्या साली एकाच घराने ही पद्धत बदलली, हे पाहा. यावर तुम्हाला एक अख्खं प्रकरण लिहिता येईल. कानडी बाजू वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याकडून लिहून घ्या. ती वगळली तर निम्मा पुरावा वगळला.

आता सगळ्यांत अवघड काम, साल ठरवणं. जॉबवर छापणारा साल क्वचित घालतो, कारण वाटणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ते माहीत असतं. पत्रकावर ‘गुरुवार दि. १ नोव्हेंबर’ एवढंच असतं. असं पत्रक समोर आलं असं समजा. १ नोव्हेंबरला गुरुवार १९५६ मध्ये होता, १९६२ मध्ये होता, १९७३ मध्ये होता, १९७९ आणि १९८४ मध्येही होता. गंमत पाहा, राज्य बदललं तो दिवस आणि राज्याचं नाव बदललं तो दिवस, दोन्ही गुरुवार. मग बाकीच्या खुणा पाहायच्या. तिथी दिली असेल तर काम सोपं. १९५६ साली १ नोव्हेंबर दिवाळीच्या अमावास्येच्या आधी आला होता, म्हणून पत्रकावर आश्विन वद्य असेल. उरलेल्या चारही वर्षी अमावास्या होऊन गेली होती, तिथे कार्तिक शुद्ध असेल. तेव्हा एका ‘वद्य’ या शब्दाने पाच वर्षांतलं एक वर्ष पक्कं होतं. शके दिला असेल तर त्यात ७८ मिळवा, आणि पौष ते फाल्गुनातली इंग्रजी तारीख १ जानेवारी किंवा त्यानंतरची असेल तर ७९.

तिथी नसेल तर पैसे पाहा. दर आणे-पैत असेल तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, ‘नये पैसे’ असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा असूच शकत नाही. ‘म्हैसूर राज्य’ आणि ‘कर्नाटक’ यांची वाटणी वर सांगितलीच. बसच्या तिकिटावर वायव्य कर्नाटक परिवहनाचं नाव असेल तर ते १९९७ किंवा नंतरचं. शुद्धलेखनही बोलतं. ‘नाहीं’, ‘येथें’, ‘आपणांस’ अशी न उच्चारलेल्या अनुस्वारांची लेखनपद्धती महाराष्ट्रात १९६२ च्या नियमांनी गेली. पण इथे सावध राहा. जुन्या कंपोझिटरच्या बोटांची सवय नियम आल्याबरोबर सुटली नाही, आणि आपण तर दुसऱ्या राज्यात होतो. म्हणून अनुस्वार आहे एवढ्यावरून ‘१९६२ पूर्वीचं’ असं म्हणू नका, त्याला दुसरा पुरावा जोडा.

तळाची सर्वांत बारीक ओळ कधीही सोडू नका. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं बंधनकारक होतं. निवडणुकीच्या पत्रकांना तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलमाप्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं आणि पत्ते लागतात. लग्नपत्रिकांवर ही ओळ पुष्कळदा गाळलेली दिसते. जिथे आहे तिथे ती फार मोलाची. छापखाना कुठल्या गल्लीत होता, पुढे कुठे हलला, कधी बंद झाला, हे गावातली जुनी माणसं सांगू शकतात, आणि त्यावरून सालाची एक कड पक्की होते. छपाईवर बोट फिरवून पाहा. अक्षराचा दाब कागदाच्या मागच्या बाजूला जाणवत असेल तर ती खिळ्यांची छपाई. मागची बाजू अगदी सपाट असेल तर बहुधा ऑफसेट, म्हणजे खिळ्यांशिवाय प्लेटवरून केलेली छपाई, आपल्याकडच्या छोट्या जॉबसाठी बराच अलीकडचा काळ.

एक जुना दाखला इथे सांगावासा वाटतो. १६४० ते १६६१ या काळात, इंग्लंडच्या यादवी युद्धात, जॉर्ज थॉमसन नावाच्या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने रस्त्यावर विकली जाणारी पत्रकं, पुस्तिका आणि बातमीपत्रं जमवली. सुमारे २२,००० नग आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण त्याचं मोठेपण आकड्यात नाही. कागद हाती आला की तो त्यावर हातानेच तारीख टाकायचा. त्या तारखांमुळे त्या युद्धाचा इतिहास जवळजवळ दिवसागणिक लिहिता आला. तुमच्या आजोबांनी कुठल्या पत्रकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काही लिहिलं असेल, आहेराचा आकडा, कोणाचं नाव, ‘गेलो होतो’ एवढंच जरी, तरी ते पुसू नका, स्वच्छ करू नका. आणि आजपासून तुमच्या हाती येणाऱ्या प्रत्येक पत्रकाच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहायला लागा.

जपणुकीचं थोडक्यात. खानापूरकडचा पाऊस आणि दमट हवा हे कागदाचे पहिले शत्रू, कसर आणि वाळवी त्यानंतरचे. ट्रंक जमिनीवर ठेवू नका, भिंतीला टेकवू नका. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत उघडा, पण कागद उन्हात घालू नका. पहिल्यांदा उघडाल तेव्हा कुठलाही कागद हलवण्याआधी थरांचे फोटो काढा. कशाशेजारी काय ठेवलं होतं यावरूनही साल आणि संबंध कळतात. गंजलेल्या टाचण्या काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर कधीच करू नका. त्यात कागद उष्णतेने आणि गोंदाने कायमचा अडकतो आणि पुन्हा सोडवता येत नाही. स्वस्त, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांपेक्षा साध्या, आम्लविरहित कागदाच्या घड्या बऱ्या. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी ठेवा. लाकडाच्या भरड लगद्याच्या त्या कागदातलं आम्ल शेजारच्या चांगल्या कागदालाही पिवळं करतं. आपल्याकडे पोथीच्या कापडात वेखंड ठेवायची रीत आहे, ती चांगली आहे, फक्त पुरचुंडी कागदाला थेट टेकू देऊ नका.

कामाचा क्रम जुन्यापासून लावू नका, नव्यापासून लावा. ट्रंकेत अलीकडची यंत्रातून निघालेली बसची तिकिटं, बँकेच्या किंवा दुकानाच्या गुळगुळीत पावत्या असतील तर त्या सगळ्यांआधी स्कॅन करा. तो थर्मल कागद असतो. त्यावर शाई नसते, उष्णतेने काळं होणारं रसायन असतं, आणि ऊन, तेलकट हात किंवा प्लास्टिकची पाकिटं लागली की काही वर्षांत अक्षरं उडून कोरा कागद उरतो. १९५६ चं हँडबिल आणखी एक पावसाळा थांबू शकेल, मागच्या वर्षीचं तिकीट थांबणार नाही. ते झालं की साल नसलेल्या लग्नपत्रिका घ्या आणि आजीला किंवा घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला घेऊन बसा. वधूवरांची नावं वाचून दाखवलीत की त्यांच्या मुलांची वयं, शाळेची वर्षं निघतील, आणि त्यावरून लग्नाचं साल मागे मोजता येईल. सांगणाऱ्याचं म्हणणं आणि तुमचा अंदाज वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.